मागल्या हंगामांचे दप्तर

बियाण्याची पेठ म्हणून जालन्याला जो लौकिक लाभला, त्याचे मोठे श्रेय 1964 मध्ये येथे 'महिको'ची स्थापना करणाऱ्या आणि 1998 साली जागतिक अन्न पुरस्काराने सन्मानित झालेल्या बद्रीनारायण बारवाले यांच्याकडे जाते. याच पेठेत विक्रीचे विखुरलेले आकडे एका भांडारात जुळवून ठेवण्याचे, म्हणजे डेटा वेअरहाउसचे, काम मी करतो. आणि या विद्येचे मर्म मला संकरित कपाशीने उलगडून दाखविले.

पुढच्या खरिपात विकावयाच्या बियाण्यासाठी ज्या झाडांचे हाताने परागीकरण करावयाचे, ती या खरिपातच लावावी लागतात. म्हणजे किती क्षेत्र धरावे याचा निर्णय ज्या दिवसांत घ्यावयाचा, त्या दिवसांत चालू हंगामाचा खरा खप कोणासही ठाऊक नसतो. दुकानदाराकडे रवाना झालेला माल बिलात विक्री म्हणून चढतो. परंतु न खपलेली पाकिटे पेरणी उरकल्यावर परत येऊ लागतात, तेव्हा कुठे शेतात काय गेले याचा अंदाज लागतो. दैनंदिन बिलांची प्रणाली ही कीर्द. तीतून अनेक वर्षांची खतावणी उभी करणे, आणि परतीचा माल ज्या हंगामाचा त्याच हंगामाच्या नावे टाकणे, हे वेअरहाउसचे कार्य.

बिल इनमन यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात अशा भांडाराची जी लक्षणे सांगितली, त्यांतील कालाचे भान मला सर्वांत मोलाचे वाटते. उदाहरण याच जिल्ह्याचे: 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, परतूर परभणीतून इकडे आले, आणि पुढे त्यातूनच मंठा हा स्वतंत्र तालुका झाला. जुनी दप्तरे जशीच्या तशी ताडून पाहिली तर परतूरचा खप एकाएकी घटलेला दिसतो. जुने नाव पुसून नवे घातले तर मागील ताळेबंदांशी रुजुवात होत नाही. म्हणून गावाच्या नोंदीत दोन्ही तालुके, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, असे राखावे लागतात.

2012 सारख्या दुष्काळी सालाचे आकडे सरासरी बिघडवितात, सबब ते वगळावेत, अशी सूचना नियोजनाच्या बैठकीत हटकून येते. मी तिला ठामपणे विरोध करतो. कारण पाऊस लांबला की या जिल्ह्यातील शेतकरी कोणत्या वाणाकडे, कोणत्या पिकाकडे वळतो, याचा पुरावा त्याच सालांच्या नोंदींत असतो.