पलटी नांगराचे होज

आमच्या करमाळ्याकडे शिमगा झाला की नांगरटीला जोर येतो. माझे वडील, म्हणजे आबा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. हंगामापूर्वी ते एक अख्खी सकाळ पलटी नांगराचे दोन होज तपासण्यात घालवतात.

वरवर पाहता ती रबराची नळीच. पण आत रबर, त्यावर पोलादी तारांची वीण आणि वर पुन्हा रबर, अशी तिची बांधणी असते. आतल्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० ते २०० किलोपर्यंत जातो. बांधाशी आले की नांगर उलटायचा. दर खेपेला होज फिटिंगजवळ त्याच जागी वाकतो. उन्हाने तिथले रबर तडकते, पावसाळ्यात तारा गंजतात आणि एके दिवशी फुगवटा दिसतो. अर्थशास्त्राच्या वर्गात सरांनी घसारा शिकवला, तेव्हा मला तोच फुगवटा आठवला!

आबांचा क्रम ठरलेला. नांगर जमिनीला टेकवायचा, इंजिन बंद करायचे, लिव्हर पुढेमागे करून अडकलेला दाब सोडायचा. मगच हात लावायचा. चालू इंजिनवर गळती शोधायची तर लांबून पुठ्ठा धरायचा. त्यांच्या एका जोडीदाराने ती बोटाने चाचपली होती. टाचणी टोचल्याएवढी खूण. हळद लावून तो झोपला. तेल कातडीखाली शिरले होते. तिसऱ्या दिवशी बोट काढावे लागले.

यंदा एका होजच्या तारा उघड्या पडलेल्या. त्यावरचे ‘३ क्यू १८’ मी वाचून दाखवले, म्हणजे २०१८ सालची तिसरी तिमाही. मालक म्हणाले, “सायकलची ट्यूब गुंडाळ. एवढा हंगाम निघंल.”

आबा एरवी मालकांपुढे मान वर करीत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “मालक, ट्यूब तेल थांबवत न्हाई, निस्तं झाकती.” आणि त्यांनी नांगर जोडला नाही. चार दिवस रोज बुडाला. आई काही बोलली नाही, पण माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे तिने डब्यातून दोनदा काढून मोजले.

पाचव्या दिवशी मालकांनी पैसे दिले. तालुक्याहून नवा होज प्रेस करून आणला. आबा पान्याने आवळत होते आणि मी होजवरची छापील ओळ पाहत होते. ती तिरपी झाली की नळीला पीळ पडला असे समजायचे.

“सरळ हाय का गं?”

“थोडं डावीकडं, आबा. हां, आता सरळ.”