अलीचे विजय, फ्रेझरचा अपमान आणि आम्ही

जयंतीला दहा दिवस उरले होते. मुकुटबनच्या आमच्या वस्तीत समाजमंदिराला लागून एक खोली आहे. सकाळी तिथे पोरे दंड-बैठका मारतात, रेतीच्या पोत्यावर ठोसे मारतात आणि संध्याकाळी त्याच खोलीत स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडतात. त्या खोलीच्या भिंतीवर कुणाचे चित्र काढायचे यावरून वाद पेटला.

आम्ही म्हणालो, मुहम्मद अली. यावर दुमत असेल असे आम्हाला वाटलेही नव्हते. ज्या माणसाने गुलामीचे नाव टाकून दिले, धर्म बदलला, अमेरिकेच्या सरकारला तोंडावर नाही म्हटले, तो आमच्या पोरांचा नायक नाही तर कोण? १९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन ज्यांच्या घरात रोज बोलले जाते, त्यांना नाव आणि धर्म बदलण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पण आमच्यातलाच एक साथी उभा राहिला. खोलीत खरे बॉक्सिंग शिकलेला तोच एकटा. तो म्हणाला, "भाऊ, अली मोठा होता, मान्य. पण त्याचे सगळे विजय काही सरळ नाहीत. नॉर्टनवाली तिसरी फाइट पाहा. त्यात अली हरला होता."

आम्ही फाइट पाहिली नव्हती. तरीही आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. "ही प्रस्थापितांची भाषा आहे," असे आम्ही म्हणालो. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत हा साथी दुसऱ्या पॅनेलसोबत फिरला होता, तो राग मनात होताच. रात्री ग्रुपवर कुणीतरी त्याला 'दलाल' लिहिले. आम्ही त्यावर अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवसापासून तो खोलीत यायचा बंद झाला आणि त्याच्यासोबत शिकणारी सहा-सात पोरेही.

मित्रांनो, त्यानंतर आम्ही त्या फाइट पाहिल्या, त्याबद्दल वाचले. जे आधी करायचे ते नंतर केले. आज जे लिहितो आहोत ते त्यातून आले आहे.

आधी त्याच्या मुद्द्याबद्दल. तो बरोबर होता. २८ सप्टेंबर १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झालेल्या अली-नॉर्टन लढतीचा निकाल पंचांनी अलीच्या बाजूने दिला, पण नॉर्टन जिंकला होता असे मानणारे जाणकार आजही कमी नाहीत. त्याच वर्षीच्या एप्रिलमधली जिमी यंगविरुद्धची लढतही अशीच वादग्रस्त. १९६३ साली लंडनमध्ये हेन्री कूपरने अलीला खाली पाडले. तेव्हा अलीच्या कोपऱ्यातून फाटक्या ग्लोव्हची तक्रार झाली. ग्लोव्हला आधीच असलेली चीर आपण वाढवली, असे त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानेच पुढे सांगितले. १९६५ साली सोनी लिस्टन पहिल्याच फेरीत पडला, तो ठोसा प्रेक्षकांतल्या अनेकांना दिसलाच नव्हता. आणि जानेवारी १९७४ मध्ये जो फ्रेझरविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत अली पुन्हा पुन्हा त्याची मान धरून ठेवत होता, तरी पंचाने गुण कापले नाहीत.

हे सगळे खरे मानल्याने अली लहान होतो का? आम्हाला तसे वाटत नाही. कारण हिशेबाची दुसरी बाजूही आहे.

एप्रिल १९६७ मध्ये अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याचे किताब काढून घेतले, लढण्याचे परवाने काढून घेतले. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पुन्हा रिंगमध्ये उतरला तो ऑक्टोबर १९७० मध्ये. बॉक्सरच्या आयुष्यातली सर्वांत चांगली साडेतीन वर्षे व्यवस्थेने गिळली. २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार? पंचांनी काही गुण इकडचे तिकडे केले हा अन्याय आहेच. पण मैदानातच उतरू न देणे हा त्याहून मोठा अन्याय आहे आणि तो कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. आमच्या माणसांना हे समजावून सांगावे लागू नये.

इथवर आम्ही स्वतःवर खूश होतो. आमच्या साथीचा मुद्दा खरा आणि आमचाही. पण वाचता वाचता जो फ्रेझर भेटला आणि आमची खुशी संपली.

फ्रेझर साउथ कॅरोलिनातल्या एका गरीब शेतमजूर कुटुंबातला. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करून बॉक्सर झाला. अलीवर बंदी होती तेव्हा याच फ्रेझरने त्याला पैशाची मदत केली, त्याचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. आणि अलीने काय केले? लढतीची तिकिटे खपावीत म्हणून त्याला 'अंकल टॉम' म्हटले. म्हणजे गोऱ्यांचा पाळीव. मनिलाच्या लढतीआधी तर त्याला 'गोरिला' म्हटले, रबरी खेळणे काढून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारून दाखवले. काळ्या माणसाला माकड म्हणणे ही गोऱ्यांची शिवी. ती अलीने आपल्याहून काळ्या, आपल्याहून गरीब घरातल्या भावाला दिली.

१ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात दोघे १४ फेऱ्या लढले. पंधराव्या फेरीआधी फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फुच याने त्याला उठू दिले नाही, कारण त्याला जवळजवळ काही दिसत नव्हते. अली जिंकला, आणि या विजयावर गुणांचा वाद नाही. तरीही आमच्या मते अलीच्या नावावरचा सर्वांत मोठा डाग याच लढतीचा आहे, कारण तो रिंगच्या बाहेर लागला. पुढे अलीने या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण फ्रेझरच्या मनातली कडवटपणाची धार वर्षानुवर्षे गेली नाही. शिवी दिली की ती देणारा विसरतो, खाणारा विसरत नाही. हे तर आपणच जगाला सांगत आलो ना?

आता आपल्या घरात या. पळवणकर बाळू हे नाव आमच्या किती पोरांना माहीत आहे? चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी तयार करत करत गोलंदाजी शिकला. त्याच्या चेंडूवर हिंदू संघ जिंकायचा, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. संघाचे कर्णधारपद मात्र त्याला कधीच दिले नाही. ते पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले.

असा माणूस आपल्या स्मरणातून का गेला? कारण तो राजकारणात समोरच्या बाजूला होता. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर तो बाबासाहेबांच्या विरोधी मताचा होता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेब जिंकले, बाळू हरले. आमचे मत स्पष्ट आहे. त्या निवडणुकीत बाळूंचा पराभव होणे आवश्यक होते आणि त्यांची राजकीय भूमिका चूक होती. ती चूक होती हे आम्ही आजही ठासून सांगू. पण मातीच्या भांड्यातला तो चहा खोटा होता का? ते बळी काँग्रेसने घेतले होते का? ज्या व्यवस्थेने त्यांना आधी बाहेर बसवले, तिनेच पुढे त्यांना आपल्या नेत्यासमोर उभे केले, हे ओळखायचे की फक्त एक शिक्का मारून मोकळे व्हायचे?

कांशीराम साहेबांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिले तेव्हा त्यांनी पुणे करारातून निघालेल्या राजकीय यंत्रणेची चिकित्सा केली. आम्ही मात्र त्यातला एक शब्द उचलला आणि घरोघर वाटला. निवडणुकीत वेगळे फिरला, चमचा. ठेकेदाराकडे नोकरीला लागला, दलाल. अवघड प्रश्न विचारला, तोही दलाल. इथे एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला सिमेंट आणि मधे कोरडवाहू कापूस. पोराने पोट भरायला कुणाच्या तरी दारात जायचेच आहे. त्याला आम्ही काम देऊ शकत नाही, शिवी मात्र लगेच देतो.

टीका बंद करा असे आम्ही म्हणत नाही. कुणी समाज विकला असेल तर पुराव्यानिशी, तोंडावर, भरसभेत विचारा. पण मतभेदाला गद्दारी म्हणणे ही चिकित्सा नाही. ज्याने आमच्या नायकाबद्दल एक खरी गोष्ट सांगितली, त्याला आम्ही गप्प केले. नायकपूजा ही अधोगतीची वाट आहे हा बाबासाहेबांचा इशारा आम्ही दर जयंतीला भाषणात सांगतो. त्या रात्री तो आम्हालाच लागू होता.

परवा आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ग्रुपवर लिहिलं होतं ना? मग माफी इथं काऊन मागता? तिथंच लिहा."

त्याचे म्हणणे रास्त होते. आम्ही ग्रुपवर लिहिले आणि इथेही लिहितो आहोत. साथी, तू नॉर्टनबद्दल बरोबर होतास. तू चूक असतास तरी तो शब्द वापरण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

तो अजून खोलीत आलेला नाही. दोन पोरे मात्र परत आली आहेत. भिंतीवर आता एकट्या अलीचे चित्र नसेल. मनिलातले दोघे असतील, अली आणि फ्रेझर, थकलेले, समोरासमोर. आणि खाली बाळू, हातात चेंडू घेऊन. येणारा प्रत्येक पोरगा विचारेल, हे तिघे कोण? तेव्हा सगळे सांगू. विजयही, निकालातला घोळही, आणि आमची चूकही.

जय भीम!