उन्हाळ्यांतील अझेलिया

वसंत सरला म्हणजे फुलांचा काळ सरला, असा आपला समज असतो. अझेलियाच्या बहुतेक जाती वसंतांतच फुलतात खऱ्या. परंतु अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत, कॅलवे उद्यानाच्या वनराईंत, प्रूनिफोलियम नांवाची जात भर जुलैंत सावलींत तांबड्या-नारिंगी फुलांनीं डवरते. जॉर्जिया-अलाबामा सीमेलगतच्या ओढ्यांच्या घळी, एवढेंच हिचें माहेर. १९३० सालीं केसन कॅलवे या गिरणीमालकाच्या ती दृष्टीस पडली. १९५२ सालीं हें उद्यान लोकांस खुलें झालें. वसंतांतल्या बहिणी झडल्यावर फुलपांखरांस मध मिळतो तो हिच्यापाशीं. हिला उशीर झाला असें कोण म्हणेल? हिचा ऋतूच हा.

चाळिशीनंतर पुन्हां महाविद्यालयांत जाऊं इच्छिणारी आमची सून तेथें माझ्याबरोबर होती. "आतां कशाला?" हा प्रश्न तिला वरचेवर ऐकावा लागे. तीं फुलें पाहून मीं एवढेंच म्हटलें, "सूनबाई, उद्यांच नांव घाल."