काम केलं, पण कागद कुठंय?

परवा रात्री भाचा घरी आला. चेहरा उतरलेला. म्हणला, "मामा, परीक्षा तर निघंल हो. पण अनुभव दाखवावा लागतो. तो कुठून आणू?"

मी चक्रावलो. पोरगा इंजिनियर. परभणीतल्याच एका पतसंस्थेत सहा वर्षं कॉम्प्युटरचं सगळं बघतोय. सर्व्हर, शाखांचं नेटवर्क, रोजचा बॅकअप, कुणाला कुठली स्क्रीन उघडायची परवानगी, कर्मचारी सोडून गेला की त्याचं लॉगिन बंद करणं, सगळं तोच. मग अनुभव नाही कसा?

तर गोष्ट अशी. त्याला सीआयएसएसपी करायचंय. सायबर सुरक्षेतलं जगभर मान असलेलं हे प्रमाणपत्र आयएससी-टू नावाची अमेरिकेतली संस्था देते. परीक्षेची फी ७४९ डॉलर, म्हणजे आपल्याकडं काही जणांचा चार-पाच महिन्यांचा पगार. नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. सुरक्षेचे आठ विषय ठरवलेत, त्यातल्या किमान दोन विषयांत ५ वर्षांचं काम लागतं. संबंधित विषयातली पदवी असली तर १ वर्ष सूट. पास झाल्यावर ९ महिन्यांत त्यांच्याच एखाद्या प्रमाणपत्रधारकानं तुमच्या अनुभवाची ग्वाही द्यायची. ओळखीचा कुणी नसला तर संस्था स्वतः तपासून घेते. काही अर्जांची कसून पडताळणीही होते.

अट चुकीची आहे का? मला नाही वाटत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुस्तक पाठ केलेल्या माणसाच्या हातात आपल्या ठेवी द्यायच्या का? अनुभव हवाच.

अडचण वेगळीच आहे. भाच्याचा पगार व्हाउचरवर, रोख. नेमणूकपत्र नाही. हजेरीपटावर हुद्दा 'ऑपरेटर'. अनुभवाचं पत्र मागितलं तर साहेब म्हणले, "कशाला पायजे? सोडून चाललास का?"

एका मित्रानं त्याला सुचवलं, पुण्यात पैसे दिले की लेटर मिळतं. मी म्हणलं, बाबा, लोकांनी तुझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून प्रमाणपत्र घेतोस, आणि सुरुवातच खोट्या कागदानं करतोस? तो गप्प बसला. खरं सांगतो, मलाही त्याच्यावर रागावता येईना.

कारण मी त्याच रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका पेपरला वर्षानुवर्षं बातम्या दिल्या. दुष्काळ, गोदावरीचा पूर, बाजार समितीतली भांडणं, सगळं केलं. अधिस्वीकृतीचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा नेमणूकपत्राचा रकाना आला. कात्रणांची पिशवी भरलेली होती, पत्र एकही नव्हतं. त्या दिवशी कळलं, आपण राबलो ते खरं, पण नोंद कुठंच नाही.

गंगाखेड, सेलू, जिंतूर, कुठंही जा. अकाउंट लिहिणारा, दवाखान्यात सॉफ्टवेअर सांभाळणारा, मोबाईल टॉवरवर चढणारा, यातल्या बहुतेकांची हीच कथा. मोठ्या शहरातल्या पोराला कंपनीचा एचआर एका मेलवर पत्र देतो. आमच्या पोराला उपकार मागितल्यासारखं उभं राहावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये नेमणूकपत्राची तरतूद आहे. ती परभणीच्या दुकानापर्यंत कधी पोचणार?

पोरांनो, पहिल्या दिवसापासून लेखी मागा. रोज काय केलं ते तारखेसह वहीत लिहा. पगार बँकेत घ्या. आठवड्याला २० ते ३४ तासांचं अर्धवेळ कामही या अनुभवात धरतात, इंटर्नशिपसुद्धा धरतात, पण लेटरहेडवर पत्र पाहिजे. आणि अनुभव कमी असला तरी परीक्षा देता येते. पास झालात की 'असोसिएट' होता आणि अनुभव पूर्ण करायला ६ वर्षं मिळतात.

संस्थाचालक, दुकानदार, डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती. एका पत्राला एक पान आणि एक शिक्का लागतो. हुद्दा खरा लिहा, काम खरं लिहा, तारखा खऱ्या लिहा. पोरगं सोडून जाईल ही भीती असेल तर पगार वाढवा, कागद अडवू नका.

भाचा सोमवारी पुन्हा पत्र मागायला जाणार आहे. यावेळी मी सोबत जातोय, पत्रकार म्हणून नाही, मामा म्हणून.

तुमच्याकडं कुणाचं असं पत्र अडलंय का? आणि कुणी अडवून ठेवलं असेल, तर आजच देऊन टाका.