मधलं पद

"सर, हे चार कुठून आले जी?"

पुसदकडच्या एका तांड्यावरून येणारी दहावीची मुलगी. फळ्यावर नुकतंच वर्गसमीकरणाचं सूत्र लिहिलं होतं आणि तिचं बोट वर्गमुळातल्या ४अक वर होतं. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. "पाठ कर, पुढं कळेल," म्हणालो. ती मुकाट्यानं खाली बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अवयव पाडण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हा माझा अभिमान. समीकरण लिहून होण्याआधी मधल्या पदाची फोड तोंडी सांगायचो. वर्ग थक्क व्हायचा, मला ते आवडायचं. म्हणून उदाहरणंही फुटणारीच निवडत गेलो. मग परीक्षेत २क्ष² + ७क्ष + ४ = ० आलं की माझी पोरं आठाची फोड करत बसायची. एक-आठ, दोन-चार, सात कशातूनच येईना. त्यांचा तो वेळ माझ्या हौसेनं खाल्ला.

क्लासवाले सूत्र चालीवर घोकून घेतात. मला ते मुळीच पटत नाही. चालीत भागाकाराची रेघ ऐकू येत नाही. मग २अ फक्त मुळाखाली जातं आणि −ब बाहेर मोकळं राहतं. दर वर्षी तीच चूक तपासतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'बीजगणिता'त मिळालं. नियम मूळचा श्रीधराचार्यांचा, पण त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला. भास्कराचार्यांनी तो त्यांच्या नावानिशी दिला म्हणून टिकला. तो ज्या प्रकरणात आहे त्याचं नावच मध्यमाहरण, म्हणजे त्रास देणारं मधलं पद काढून टाकणं. दोन्ही बाजूंना ४अ नं, वरच्या समीकरणात आठानं, गुणा: १६क्ष² + ५६क्ष + ३२ = ०. बत्तीस पलीकडे न्या, सातचा वर्ग दोन्हीकडे मिळवा: (४क्ष + ७)² = १७. पुस्तकातल्या पूर्ण वर्ग पद्धतीत इथं ७/४ चा वर्ग करावा लागतो आणि पोरांचा हात तिथंच अडतो. चारानं गुणलं की सात विषम असूनही अपूर्णांक येत नाही. चार आले ते त्यासाठी.

दुसऱ्या दिवशी तिच्याच हाती खडू दिला. सतरापर्यंत ती न थांबता आली. मग ४क्ष + ७ = ±√१७ लिहिलं, सात पलीकडे नेले आणि भागाकाराची रेघ −७ पासून ±√१७ पर्यंत लांब ओढली. तिला ती कोणी सांगितली नव्हती.

मी एप्रिलअखेर निवृत्त होतोय. गणिताच्या सोबत्यांनो, सूत्र लिहिण्याआधी एकदा तरी वर्गाकडून ४अ नं गुणून घ्या.