कॉकपिट मूळचंच हवं!

संपादकांनी फोनवर बजावलं, "फार तांत्रिक नको, आमच्या वाचकांना झेपलं पाहिजे." दिवाळी अंकात कृष्णविवरं आणि जनुकं पचवणाऱ्या मराठी वाचकाला चार बोटींचे शब्द जड जातील असं मला वाटत नाही. तरी प्रयत्न करतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मी रेसिंगच्या जुन्या बोटी दुरुस्त करतो, कधी जुन्या आराखड्यावरून नव्या बांधतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या, जुळ्या तळाच्या, मागे आउटबोर्ड इंजिन लटकवलेल्या. अलिबागचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे आपली मांडव्याची कॅटमरान ना?" नव्हे हो. मांडव्याच्या कॅटमरानला दोन तळ असतात ते ती कमी डोलावी म्हणून. माझ्या बोटींना असतात ते हवा कोंडण्यासाठी. दोन बाजूंच्या त्या अरुंद तळांना स्पॉन्सन म्हणतात. त्यांच्या मधल्या बोगद्यात वेगानं शिरलेली हवा दाबली जाते आणि बोट वर उचलते. पूर्ण वेगात पाण्याला टेकलेलं असतं ते स्पॉन्सनचं मागचं टोक, गिअरकेसचा तळ आणि प्रोपेलरची खालची पाती. बाकी सगळी बोट हवेत.

हा आकार रुजवला तो इटलीत कोमो सरोवराकाठी बोटी बांधणाऱ्या आंजेलो मोलिनारी यांनी, साठच्या दशकात. त्यांचा मुलगा रेनातो पुढे १९८१, १९८३ आणि १९८४ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. (पाण्यावरही फॉर्म्युला वन असते. २०१८च्या नोव्हेंबरात ती अमरावतीला झाली. विदर्भातली नव्हे, आंध्रातली; पण पाणी आपल्या कृष्णेचंच.) पॅरिसला सीन नदीत सहा तासांची शर्यत व्हायची. ॲरिझोनात लेक हवासूवर जागतिक स्पर्धा भरायची. तिथं शहर वसवणाऱ्या मॅकलॉक नावाच्या कारखानदारानं १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेऊन तिकडे नेला, एवढं सांगितलं की त्या माणसांची कल्पना यावी. इंजिनांत दोन घराणी होती. एक मर्क्युरी, १९३९ साली कार्ल कीकहेफर यांनी आमच्या विस्कॉन्सिनमध्येच काढलेली; दुसरं जॉन्सन आणि एविनरूड बनवणारं ओएमसी. ओएमसीचं २००० साली दिवाळं निघालं. त्यामुळे त्यांच्या जुन्या रेसिंग इंजिनांचे सुटे भाग शोधत हिंडणं हा आमच्या धंद्याचाच भाग झाला आहे.

हे सगळं आत्ता डोक्यात घोळतंय ते एका बोटीमुळे. सत्तरच्या दशकातली, मरीन प्लायवूडची, एका गृहस्थांनी उन्हाळ्यात माझ्याकडे आणली. वरून रंग झकास, ट्रान्सम मात्र आतून कुजलेला. इंजिन जिथं बोल्टनं आवळतात ती मागची उभी फळी म्हणजे ट्रान्सम. ती काढली, नवी बसवली, डेकचं कुजलेलं प्लाय तिरकं कापून इपॉक्सीनं नवं जोडलं. खरं काम पुढेच. स्पॉन्सनच्या तळाचा शेवटचा भाग सरळपट्टी लावली तर तिला पूर्ण चिकटला पाहिजे. तो मागच्या टोकाला किंचित खाली वाकलेला असेल तर बोट नाक खाली दाबते. उलटा, वर गोलावलेला असेल तर नाक टपटप आपटत राहते. हे डोळ्याला दिसत नाही, बोटांना कळतं. पट्टीखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासायचं. हे काम मला चांगलं जमतं, उगाच नम्रपणा कशाला?

बोट झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "आता हिला शर्यतीत उतरवतो. कॉकपिट मात्र मूळचंच हवं." मूळचं म्हणजे उघडं. पट्टा नाही, डोक्यावर काही नाही.

इथं थोडं मागे जावं लागेल. त्या काळी चालक मुद्दाम पट्टा बांधत नसत. बोट उलटली तर आपण बाहेर फेकले जाऊ आणि वाचू, असा हिशेब. कमी वेगाला तो बरोबरही होता. पुढे बोटी हलक्या झाल्या, इंजिनं दांडगी झाली. हवेची उचल वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. वादळात छपराचा पत्रा एका कडेनं सुटला की वारा आत शिरून तो आणखी उचलतो, तसं या बोटीचं नाक. थोडं उठलं की जास्त हवा, जास्त हवा की आणखी वर, आणि चालकाचा पाय थ्रॉटलवरून निघायच्या आत बोट मागच्या मागे उलटी. जुळा तळ म्हणजे स्थिर बोट ही लोकांची समजूत इथंच घात करते. डावी-उजवीकडे ती स्थिर असते, पुढे-मागे नाही. त्या वेगाला पाणी अंगावर येतं ते घट्ट होऊन. १९८४च्या एकाच हंगामात अनेक चालक गेले; बेल्जियममध्ये लिएजला टॉम पर्सिव्हल गेला. त्यानंतर ख्रिस हॉजेस या चालक-बांधणाऱ्यानं बोट फुटली तरी न फुटणारी कोठडी बनवली आणि माणसाला तिच्यात पट्ट्यानं बांधलं. बाहेर फेकलं जाण्याचा जुना हिशेब तिथं संपला.

मग जुन्या बोटीत तीच कोठडी बसवा की, असं हौशी मंडळी म्हणतात. या मुद्द्यावर माझी कित्येकांशी भांडणं झाली आहेत. कोठडी म्हणजे नुसतं टोपण नव्हे. तिचं वजन येतं, त्यानं गुरुत्वमध्य सरकतो, आणि बोटीचं नाक केव्हा उठणार हे सगळं त्या मध्यावर ठरतं. शिवाय कोठडी ज्या फळ्यांना बांधायची त्या चार-सहा मिलिमीटर प्लायच्या, पन्नास वर्षं जुन्या. पहिल्या आपटीला सगळं उखडून निघेल आणि पट्ट्यानं बांधलेला माणूस त्यासकट बुडेल. मधला मार्ग म्हणून अर्धवट कोठडी बसवतात, ती तर सगळ्यात वाईट. आधुनिक चालकाला उलट्या कॉकपिटमधून पाण्याखाली सुटण्याची परीक्षा द्यावी लागते, जवळ हवेची नळी असते. हौशी माणसाकडे यातलं काय असतं?

दुसऱ्या बाजूचंही खरं आहे, आणि तेच मला छळतं. ही बोट संग्रहालयात टांगली तर तिचं अर्धं मोल गेलं. सहा सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन जेटीवरून एकदम पेटतं, वळणावर बोट जराही न कलता सपाट वळते, चालकाची मान बाजूला ओढली जाते. हे पाहिल्याशिवाय तरुण पोराला ती कशासाठी बांधली ते कळणार नाही. लाकूड वाळत ठेवायला मी एवढा तळ घासला नाही.

त्या गृहस्थांना मी शेवटी लेखी कळवलं. इंजिन ट्रान्समवर खाली बसवून देईन, म्हणजे प्रोपेलर पाण्यात खोल राहील आणि वेगाला आपोआप लगाम बसेल. प्रोपेलरचा पिचही, म्हणजे एका फेरीत तो पुढे सरकतो ते अंतर, कमी देईन. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली हवीच. प्रदर्शनात, मोकळ्या पाण्यात, एकट्यानं खुशाल पळवा. दुसऱ्या बोटींच्या लाटांत, झेंडा पडल्यावर, शेजारच्याला मागे टाकण्याच्या इरेला पेटून नाही. त्यांना ते पटलेलं नाही. दुसरा कारागीर शोधतो म्हणाले. शोधावा. उघड्या कॉकपिटची बोट शर्यतीसाठी मी सजवून देणार नाही.