थट्टा, पण बी मायनरमध्ये

दादाचा पहिला मोबाइल म्हणजे वीटच होती. वाजला की सगळ्या घराला कळायचं. एखादं पोरगं जिन्यावरून धडाधड उतरावं तशी त्याची रिंगटोन! आई म्हणायची, "आला माकडांचा फोन." धून कुणाची, कसली, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

परवा यूट्यूबवर भलतंच काही ऐकत बसलो होतो, तर अचानक तीच धून! बाखच्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटचा शेवटचा तुकडा, बादिनेरी. बासरी, तंतुवाद्यं आणि सोबतीला हार्पसिकॉर्ड. दीडेक मिनिटात खेळ खल्लास.

बादिनेरी म्हणजे फ्रेंचमध्ये थट्टामस्करी. स्वीटमध्ये साराबांद, बूरे, पोलोनेझ, मेन्युएट असे एकेक नाच येतात. हे नाव मात्र नाचाचं नाही, स्वभावाचं. दोनाचा ठेका. लय किती ठेवायची ते बाखने लिहिलेलंच नाही. नावावरून काय ते ओळखा!

गंमत पुढेच आहे. हा सगळा स्वीट बी मायनरमध्ये आहे (पेटीवाल्या मंडळींसाठी: पांढरी सात, गंधार कोमल). मॅथेसन नावाच्या जर्मन लेखकाने १७१३ साली एकेका स्वरसप्तकाचे स्वभाव लिहून ठेवले, त्यात बी मायनरला त्याने विक्षिप्त, निरुत्साही आणि उदास ठरवलं होतं. साराबांद ऐकताना ते पटतंही. तीनाचा संथ ठेका, वर बासरी आणि व्हायोलिन जे म्हणतात तेच थोडं मागून, खालच्या सुरात बास म्हणत येतो. कुणीतरी जड पावलांनी मागे मागे चालतंय असं वाटतं.

मग त्याच पट्टीतल्या बादिनेरीत ही उदासी गेली कुठे?

मी ती निम्म्या वेगाने लावून पाहिली. वरच्या षड्जावरून कोमल गंधाराला शिवून पंचम, गंधार करत खालच्या षड्जावर येणारी ती घसरगुंडी... तिच्यात हसण्यासारखं काही उरलंच नाही. उदासी तिथेच होती, फक्त धावत होती.

आणि मला २००९ साल आठवलं. त्या वर्षी दादा फोनवर भयंकर विनोद करायचा. मला बोलायला फटच नाही. दहा मिनिटं हसवून फोन ठेवायचा. आठ महिने त्याला नोकरी नव्हती, हे वहिनीकडून कळलं, तेही नवी मिळाल्यावर. मी चिडून विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, "तू विचारलंस कुठे?" हे सुद्धा हसतच. मला ते फार लागलं होतं. खरं होतं ना!

असो. काल त्याला फोन करून बादिनेरी ऐकवली. "अरे, माझी रिंगटोन!" साहेब खूश. मग निम्म्या लयीतली लावली. चार-पाच सेकंद शांतता. "बंद कर रे ते," म्हणाला आणि लगेच शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा किस्सा सुरू केला.

मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, "दादा, कुत्र्याचं नंतर. तू कसा आहेस?"

सुरुवात गुडघ्यापासून झाली. फोन ठेवला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.